जुन्या कॅबिनेटच्या पत्र्याला खिडकी पाडायची आहे (अपडेट: पाडली. शेवटपर्यंत वाचा.)

सातवा पाना | बुधवार, रात्री १०:५२

मंडळी, माझ्याकडे कॉम्प्युटरचं एक म्हातारं मिड-टॉवर (मधल्या उंचीचं) कॅबिनेट आहे. पत्रा व्हर्नियरने मोजला, ०.८ मिमी भरला. टिचकी मारली तर डब्यासारखं वाजत नाही. आतला सगळा संसार गेल्या महिन्यात बदलला, पण बाहेरून ते अजून कपाटच दिसतं. म्हणून डाव्या पॅनलला खिडकी पाडायची आहे. नवं काचवालं कॅबिनेट घ्या हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतोय.

बेत असा: ३०० बाय २५० मिमीचं भोक, आतून ३ मिमीचं अ‍ॅक्रिलिक, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी. हाताशी १०० मिमीचा अँगल ग्राइंडर आणि ड्रिल आहे, जिगसॉ (विजेवर वरखाली चालणारी बारीक करवत) मागून आणता येईल. लाकूड बरंच कापलंय, पत्रा कधीच नाही.

कापू कशाने? कोपरे गोल की चौकोनी? आणि तेवढा पत्रा गेला तर आत जास्त तापेल का?

अडगळ | रात्री ११:१०

अ‍ॅक्रिलिक कशाला? त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी चरा पडतो. कुठल्यातरी भंगार कॅबिनेटची टफन्ड काच घे आणि मापात कापून आण.

निळा धूर | रात्री ११:२४

टफन्ड काच कापता येत नाही हो. कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं सगळं भट्टीत जायच्या आधी. ती काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात गार करतात, त्यामुळे वरचा थर दाबाखाली राहतो आणि पोट ताणाखाली. त्या ताणाला कटरने वाट करून दिली की एक कोपरा तुटत नाही, अख्ख्या काचेची खडी होते. कडेला फरशीचा नुसता टोला लागला तरी तेच.

साधी काच कापता येईल, पण फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे, आणि वजन. सापांच्या (म्हणजे सातवा पाना यांच्या) मापात, ३०० बाय २५०, ३ मिमी, काच साधारण ५६० ग्रॅम, अ‍ॅक्रिलिक २७० च्या आत. पट्टीवर लटकवायचं असेल तर हा फरक किरकोळ नाही.

अ‍ॅक्रिलिक घेताना कास्ट (साच्यात ओतून केलेलं) शीट मागा. एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) शीट कापताना आणि ड्रिल करताना लवकर वितळून पात्याला चिकटतं. आणि त्यावरची संरक्षक फिल्म शेवटपर्यंत काढू नका.

अडगळ | रात्री ११:३१

बरं. काचेचं मागे घेतलं. चऱ्याचं नाही.

कानसवाली | गुरुवार, सकाळी ७:४८

हत्यारावर नंतर भांडा. आधी त्या पॅनलच्या मागे काय येतं ते बघा. माझी पहिली खिडकी अतिशय देखणी कापली होती, आणि तिच्यातून दिसत होता हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याचा करडा पत्रा.

पॅनल काढा, कॅबिनेट आडवं झोपवा. उघड्या तोंडावर ट्रेसिंग कागद ताणून चिकटवा आणि मदरबोर्ड, पिंजरा, पॉवर सप्लाय, फ्रेमच्या दुमडलेल्या कडा, सगळं पेन्सिलने उतरवून घ्या. तोच कागद पॅनलवर ठेवून खिडकी आखा. पॅनलच्या कडेपासून निदान ३० मिमी आत राहा, कारण कडेला आतून आकडे आणि दुमड असते. आतून आखणार असाल तर आकृती उलटी पडते हे हातावर लिहून ठेवा. चौकोनाला काय फरक पडतो म्हणाल, पण चौकोन मध्यभागी नसतो ना.

आता खोली. प्रोसेसरवरच्या कूलरच्या माथ्यावर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची गोळी ठेवा, वर प्लास्टिकचा कपटा म्हणजे पत्र्याला चिकटणार नाही. पॅनल बंद करा, उघडा. गोळी थोडी फासली जाईल, पण उरलेली जाडी खोटं बोलत नाही. तेवढीच तुमची जागा.

त्यातून वजा करायला बसा. अ‍ॅक्रिलिक ३ मिमी. भोकाच्या कडेला गाडीच्या दाराला लावतात तशी यू आकाराची रबर पट्टी लावणार असाल (लावाच, नाहीतर ती कड कधीतरी मनगट उघडेल) तर तिची आतली पाकळी दीड-दोन मिमी जाडीची असते. १ मिमीची चिकटपट्टी घेतलीत तर अ‍ॅक्रिलिक पाकळीवर टेकेल आणि चिकटपट्टी हवेत राहील. हे कुणी आधी सांगत नाही. म्हणजे पट्टी २ मिमीची हवी. एकूण ५ झाले. गोळी ५ च्या खाली आली तर हा बेत सोडा आणि दोन्ही बाजूंनी खाच असलेलं रबर वापरा, बसच्या काचांना असतं तसं. त्यात अ‍ॅक्रिलिक पत्र्याच्याच पातळीत बसतं, फक्त भोक आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही अगदी मापात कापावी लागतात.

मधला स्क्रू | सकाळी ९:०५

तापण्याबद्दल. त्या पॅनलला आत्ता जाळी किंवा पंखा आहे का? असेल आणि खिडकी त्याच्यावर येत असेल तर फरक पडेल. सरळ बंद पत्रा असेल तर काही नाही. उष्णता पंखे बाहेर फेकतात, बाजूचा पत्रा नव्हे.

आणि पत्रा गेला की लहरी बाहेर येतील, रेडिओ खरखरेल, हा मुद्दा कुणी काढायच्या आत सांगतो: २०१६-१७ पासून अख्खी बाजू काचेची असलेली कॅबिनेटं ढिगाने निघाली आहेत. जग चालू आहे.

सातवा पाना | सकाळी ९:४०

जाळी नाही, बंद पत्रा. कानसवाली ताई, रात्री गोळी ठेवतो. ते दुमडीचं लक्षात आलंच नव्हतं.

तिरपी करवत | दुपारी १:१५

लाकूड कापलेल्या माणसाने जिगसॉच घ्यावा. धातूचं पातं, इंचाला २४ दात. पुस्तकी नियम म्हणतो की एका वेळी दोन-तीन दात पत्र्यात असावेत. ०.८ मिमीला ते शक्यच नाही, एक दात आत तर एक बाहेर. त्यामुळे पत्रा पात्यासोबत वरखाली नाचतो आणि वाकतो. उपाय म्हणजे प्लायचं सँडविच. खाली ६ मिमी प्लाय, वर ३ मिमी, मध्ये पॅनल, चारी बाजूंनी क्लॅम्प, आणि प्लायसकट कापायचं. पॅनलच्या दुमडलेल्या कडांमध्ये मावेल असा वरचा तुकडा आधी काढून ठेवा. आखणी अर्थातच वरच्या प्लायवर.

जिगसॉचं नेहमीचं पातं वर येताना कापतं, म्हणून रंगाची बाजू खाली. ओबडधोबड कड निघाली तर आतल्या बाजूला निघेल. ऑर्बिटल झटका (पात्याचं पुढेमागे झुलणं) शून्यावर, वेग निम्म्याच्या खाली. मास्किंग टेप दोन्ही बाजूंना, आणि जिगसॉच्या तळव्यालाही.

अडगळ | दुपारी १:५०

एवढा थाट? ग्राइंडरला १ मिमीची चकती लावा, चार रेघा ओढा, दहा मिनिटांत भोक तयार.

तिरपी करवत | दुपारी २:०२

दहा मिनिटांत भोक तयार, आणि चारही कोपऱ्यांत अधिकचं चिन्ह तयार. चकती गोल असते हो. १०० मिमीच्या चकतीने ०.८ पत्र्याच्या मागच्या अंगाला काप कोपऱ्यापर्यंत न्यायचा तर पुढून तो ९ मिमी पुढे गेलेला असतो. हिशेब करून बघा, पायथागोरस आहे. छोट्या रोटरी टूलच्या ३८ मिमी चकतीलाही साडेपाच. शिवाय ठिणग्या. त्या रंगात रुततात, जवळच्या काचेत रुततात, चष्म्यातही.

अडगळ | दुपारी २:१०

कोपऱ्यांना आधी भोकं पाडली तर?

तिरपी करवत | दुपारी २:१४

तर ठीक. ते दोन्ही हत्यारांना लागतंच. स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं बिट) चार कोपऱ्यांत २० मिमीची भोकं. केंद्र दोन्ही रेघांपासून १० मिमी आत, म्हणजे गोलाई रेघेला बरोबर टेकते. सेंटर पंचने (टोकदार ठोक्याने) खळगी मारल्याशिवाय ड्रिल टेकवू नका, बिट रंगावरून घसरत जातं आणि त्याची रेघ जन्मभर दिसते. सापांचा चौकोनी की गोल हा प्रश्नही यात मिटला, काटकोनात रबर पट्टी वळत नाही, ती उचकटून तोंड वासते.

निळा धूर | दुपारी ३:३०

एकच भर घालतो. कापणं कॅबिनेटपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मी एकदा वरच्या बाजूला पंख्याचं भोक बोर्ड आत असतानाच पाडलं होतं, वर दोन पदरी कापड टाकून. कापड चोख होतं. पण पंख्याच्या मोटरमध्ये चुंबक असतं, आणि लोखंडाचा कीस कापडाखालून कसा का होईना तिथे जाऊन बसला. दोन दिवसांनी पंखा किरकिरायला लागला. बोर्डवर बसला असता तर किरकिर ऐकायलाही मिळाली नसती.

पॅनल कापून, घासून झालं की साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. नुसतं पुसून भागत नाही.

मधला स्क्रू | संध्याकाळी ६:२०

चिकटपट्टीवर माझा विश्वास नाही. आठ एम३ (३ मिमीचे) स्क्रू, आतून नट, बाहेरून घुमटी माथे. दिसायलाही भक्कम.

निळा धूर | संध्याकाळी ६:४५

चालेल, पण भोकं अ‍ॅक्रिलिकमध्ये ४ मिमीची पाडा, ३ ची नव्हे. अ‍ॅक्रिलिक तापल्यावर लोखंडाच्या सहापट वाढतं. ३०० मिमी लांबीला २० अंशांच्या फरकाने साधारण ०.४ मिमी, पत्रा तेवढ्यात ०.०७. स्क्रू घट्ट आणि भोक नेमकं असेल तर वाढायला जागा नाही, मग भोकापासून केसासारखी चीर निघते. फोमची पट्टी हा फरक स्वतःच्या अंगावर घेते, म्हणून मी पट्टीवाला.

आणि अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना खाली लाकूड दाबून धरा, वेग कमी, शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला हात हलका. बिट पलीकडे निघताना ओढ घेतं आणि तिथेच तडकतं.

सातवा पाना | शनिवार, रात्री ९:३५

अपडेट.

गोळी ७ मिमी भरली, म्हणजे ५ वजा जाता २ मिमी मोकळे. पट्टीवाला बेत पक्का केला. अ‍ॅक्रिलिक भोकापेक्षा चारी बाजूंना २० मिमी मोठं, ३४० बाय २९०. त्या २० मध्ये ८ रबराच्या पाकळीचे, १२ चिकटपट्टीचे.

आज सकाळी सँडविच बांधलं. स्टेप ड्रिलने पहिल्याच भोकाला पत्रा पकडला आणि हातातलं ड्रिल फिरलं, नशीब क्लॅम्प होते. मग वेग कमी केला, प्रत्येक पायरीला तेलाचा थेंब, उरलेली तीन भोकं शांतपणे झाली. जिगसॉने तीन बाजू मजेत. चौथ्या बाजूला मधला तुकडा सुटायला आला तसा थरथरायला लागला, आवाज एकदम बदलला, आणि पातं तुटलं. थांबून आधी कापलेल्या तीन बाजूंवर टेप आडव्या चिकटवल्या, तुकडा जागेवर बांधल्यासारखा झाला, नवीन पात्याने शेवटचे १०० मिमी कापले. हे आधी सुचायला हवं होतं.

मग कानस. तीन तास. अर्धगोल कानस तिरकी धरून फक्त पुढे ढकलायची, मागे ओढताना उचलायची. सुरुवातीला ती कर्रकर्र आवाज करत अडखळते, कड सरळ होत गेली की आवाज लांब आणि एकसुरी होतो. डोळ्याआधी कानाला कळतं. सरळ रेघेसाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प करून तिच्यापर्यंतच घासलं. मग २२० चा पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. कड नागडी झाल्यावर जस्ताचा थर गेलेला असतो, म्हणून बोटभर रुंदीचा प्रायमर आणि वर रंगाचा हात. उद्या बसवतो.

अंगठ्यात पत्र्याची एक सळी गेली. हातमोजे घातले होते, पण फोटो काढायला काढले होते.

कानसवाली | रात्री १०:०५

आवाजाचं बरोबर ओळखलंत. फोटोत खालची कड सुरेख दिसते, वरची डावीकडे पाव मिमी उतरते आहे, पण रबराखाली जाईल.

चिकटवायच्या आधी अ‍ॅक्रिलिक मास्किंग टेपने तात्पुरतं लावून पॅनल एकदा बंद करून बघा. कृपा करून बघा. हे पॅनल सरळ दाबून बसत नाही, लावून मग पुढे सरकतं. गोळीने तुम्हाला शेवटची जागा सांगितली, वाट नाही सांगितली.

सातवा पाना | रविवार, सकाळी ११:२०

ताई, साष्टांग दंडवत. पॅनल शेवटचे ६ मिमी सरकेचना. अ‍ॅक्रिलिकची पुढची कड फ्रेमच्या दुमडीला अडते. ट्रेसिंग कागदावर दुमड स्पष्ट काढलेली आहे, पण मी खिडकी तिच्या आत आखली, अ‍ॅक्रिलिकचे वरचे २० मिमी धरलेच नाहीत. चिकटवून टाकलं असतं तर आत्ता ब्लेड घेऊन बसलो असतो.

आता ६ मिमी कमी कसे करू? रेघ मारून मोडू?

तिरपी करवत | सकाळी ११:४१

रेघ मारून मोडायला दोन्ही बाजूंना पकड लागते. टेबलाच्या कडेवर धरून अर्धी शीट खाली दाबता येते, ६ मिमीची चिंधी नाही दाबता येत, ती तुकड्यातुकड्यांनी तुटून कड खाते. जिगसॉने कापा. अगदी हळू, नाहीतर कापलेलं मागे वितळून पुन्हा जुळतं. खरंच जुळतं, मला वाटलं पातंच फिरत नाहीये. रेघेच्या १ मिमी बाहेर कापा आणि उरलेलं कानशीने.

कानसवाली | सकाळी ११:५०

त्या बाजूला आता २० ऐवजी १४ राहिले, त्यातले ८ पाकळीचे. चिकटपट्टी उभी चिरून निम्मी, ६ मिमीची लावा. बाकी तीन बाजू पूर्ण रुंदीच्या आहेत, धरेल. पत्र्याची जागा स्पिरिटने पुसा, अ‍ॅक्रिलिक मात्र साबणाच्या पाण्याने. कापलेल्या कडेला स्पिरिट लागलं की जाळ्यासारख्या चिरा येतात, लगेच नाही तर आठवड्याने.

सातवा पाना | संध्याकाळी ७:१२

झालं! रबराचा सांधा खालच्या कडेला मध्यावर ठेवला, दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक बसलं, पॅनल सरकलं, टक् करून बंद झालं. आतला लाल दिवा पहिल्यांदाच बाहेरून बघितला. घरातून प्रतिक्रिया: "हे आधीपासूनच असं नव्हतं का?"

फोटो टाकतोय.

अडगळ | संध्याकाळी ७:३०

जबरदस्त. ग्राइंडरने नाही केलं तरी जबरदस्त. वाखूण साठवली.

मधला स्क्रू | संध्याकाळी ७:४४

मस्त. पण अ‍ॅक्रिलिक थोडं धुरकट का दिसतंय? माझा स्क्रीन आहे का?

सातवा पाना | संध्याकाळी ७:५०

मलाही वाटलं. धूळ असेल, अ‍ॅक्रिलिक स्थिर विजेने धूळ ओढतं. पुसून बघतो.

कानसवाली | संध्याकाळी ८:०३

दुसऱ्या फोटोत वर उजवीकडे, रबराला लागून, एक बुडबुडा आहे. अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडबुडा नसतो. बाहेरच्या बाजूची फिल्म काढली होतीत ना?

सातवा पाना | संध्याकाळी ८:०५

आतली निळी फिल्म काढली. बाहेर फिल्म नव्हती, पारदर्शक होतं.

कानसवाली | संध्याकाळी ८:०६

नखाने कोपरा उचकटून बघा.

सातवा पाना | संध्याकाळी ८:१४

उचकटला.

सातवा पाना | संध्याकाळी ८:१५

चिकटपट्टी फिल्मवर लावली आहे मी. चारी बाजूंना.

अडगळ | संध्याकाळी ८:१७

रबराच्या कडेने ब्लेड फिरव, दिसते तेवढी फिल्म काढ, कुणाला कळणार आहे?

निळा धूर | संध्याकाळी ८:२२

नको. मग खिडकी पट्टीवर नाही, फिल्मच्या पाणीदार गोंदावर लटकलेली राहील. तो गोंद मुळात सुटण्यासाठीच बनवलेला असतो. आत ऊब मिळाली की एखाद्या रात्री ती ग्राफिक्स कार्डावर येऊन टेकेल. पट्टी नवीन लावा.

सातवा पाना | रात्री १०:४०

काढायला तेवढंच सोपं गेलं. पॅनल उताणं ठेवलं, कोपऱ्यातून फिल्म धरली, ओढली, अ‍ॅक्रिलिक अलगद हातात आलं. पत्र्यावरची पट्टी सोडवायला मात्र दीड तास. उरलेल्या पट्टीवरच अ‍ॅक्रिलिक दाबावं असं वाटलं होतं, पण तिच्यावर फिल्म घट्ट बसलेली. शेवटी पट्टी केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून अंगठ्याने गोळ्या गोळ्या करत काढली, रंग वाचला.

नवीन पट्टी लावली आहे. फिल्म काढून. दोन्ही बाजूंची, दोनदा नख लावून बघितलं. पॅनल टेबलावर आडवं आहे, वर पुस्तकं ठेवली आहेत. वाचलं की या फोमला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, त्यामुळे बुधवारपर्यंत कॅबिनेट एका बाजूने उघडंच. तसंही आत सगळं दिसतंय.

निळा धूर | रात्री १०:५८

फिल्मबद्दलचा "शेवटपर्यंत" हा शब्द मी अधिकृतपणे मागे घेतो. "चिकटवेपर्यंत" असं वाचावं.